पाप तर झालंय, आता विश्वास कसा सांभाळायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळींसाठी सविस्तर

पाप करू नका, यावर प्रवचनं भरपूर होतात. दर रविवारी कॅम्पात, खानापुरात, निपाणीत, चिकोडीत कुठं ना कुठं कोणीतरी ते सांगतंयच. पण पाप होऊन गेलं, त्याचे परिणाम घरात येऊन बसले, बायको बोलेना, भिशीवाले फोनवर फोन करायलेत, भावानं वाटणीच्या केसची नोटीस पाठवली, तर सोमवारी सकाळी उठून माणसानं नेमकं काय करायचं, हे क्रमानं सांगणारं कोण भेटत नाही. आणि माझं बघणं असं की माणसाचा विश्वास जातो तो बहुतेक वेळा पापामुळं जात नाही, पापानंतरच्या सहा महिन्यांत जातो. लपवण्यात जातो, आणि परिणामांचा उलटा अर्थ लावण्यात जातो. म्हणून हा लेख त्या सहा महिन्यांसाठी.

आपल्याकडं सगळ्या प्रकारची मंडळी आहेत. लंडन मिशनचं, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं, काम बेळगावात १८२० ला सुरू झालं, १९०४ ला ते मेथडिस्टांकडं आलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, पण खानापूर-नंदगडकडची बरीच घरं गोव्याकडनं आलेली, त्याच्या कितीतरी आधीची. आणि आता गल्लोगल्ली प्रेयर हॉल झालेत ते वेगळेच. त्यामुळं काही ठिकाणी "कॅथलिक असाल तर असं, प्रोटेस्टंट असाल तर तसं" असं लिहिलंय, दोन्ही वाचलं तरी बिघडत नाही.

आधी डोक्यातला गोंधळ काढा

पायऱ्या सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतंय. पापाची क्षमा ही एक गोष्ट आणि पापाचे परिणाम ही दुसरी गोष्ट. क्षमा मिळाली म्हणून परिणाम थांबतातच असं नाही, आणि परिणाम चालू आहेत म्हणून क्षमा मिळाली नाही असंही नाही.

२ शमुवेल ११ आणि १२ हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. दावीद राजानं बथशेबेशी व्यभिचार केला, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढं ठेवून मारवलं, आणि वर काही झालंच नाही असं वागला. नाथान संदेष्टा आला, गोष्ट सांगून त्याला धरलं. दावीद म्हणाला मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय, आणि त्याच वचनात, १२:१३ मध्ये, नाथान सांगतो की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. पण आधीच सांगून झालंय की तुझ्या घरातनं तलवार हटणार नाही, आणि पुढच्याच वचनात बाळ मरेल असंही सांगतो. क्षमा आणि परिणाम एकाच संभाषणात! हे ज्याला पचलं त्याचा विश्वास टिकतो. ज्याला वाटतं की "क्षमा झाली ना, मग आता नोकरी परत मिळायला पाहिजे, बायकोनं विसरायला पाहिजे", तो तीन महिन्यांत देवावरच रुसतो. आणि ज्याला वाटतं "अजून भोगतोय म्हणजे देवानं टाकलंच मला", तो गुपचूप चर्च सोडतो.

पहिली पायरी: पहिल्या एक-दोन दिवसांत पळू नका

पाप उघडं पडलं किंवा स्वतःलाच टोचायला लागलं की पहिली इच्छा होते तोंड लपवायची. रविवारी "बरं नाही" म्हणायचं, सेल ग्रुपच्या व्हॉट्सॲपवरनं लेफ्ट व्हायचं, फादरांचा किंवा पाळकांचा फोन उचलायचा नाही. एवढं एक करू नका. प्रभुभोजन घ्यायचं का, कॅथलिक असाल तर कन्फेशनच्या आधी कम्युनियन घ्यायचं का, तो प्रश्न वेगळा. गंभीर पाप माहीत असताना आधी पापस्वीकार हा चर्चचा नियमच आहे, तो पाळा. पण चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

इथं पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांच्याकडं जरा नीट बघायला पाहिजे. दोघंही येशूचे शिष्य, आणि दोघंही एकाच रात्री पडले: यहूदानं येशूला धरून दिलं, पेत्रानं त्याला ओळखतच नाही म्हणून सांगितलं. आणि लोकांना वाटतं यहूदाला पश्चात्ताप झालाच नाही, पण मत्तय २७ उघडून बघा की, त्याला पस्तावा झाला, त्यानं "मी निर्दोष रक्ताला धरून दिलं, पाप केलं" असं तोंडानं कबूल केलं, तीस रुपये परतसुद्धा केले. पापकबुली झाली, भरपाई झाली, मग चुकलं कुठं? तो गेला ज्यांनी त्याला विकत घेतलं त्यांच्याकडं, आणि ते म्हणाले, "आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ." तिथनं तो एकटाच निघून गेला. पेत्र ढसाढसा रडला पण तिसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबरच होता, थडग्याकडं पळाला तोही दुसऱ्या शिष्यासोबतच. पुढं योहान २१ मध्ये तो म्हणतो मी मासे धरायला जातो, तर बाकीचे म्हणतात आम्हीपण येतो. एवढंच. कुणी मोठं प्रवचन दिलं नाही, पण एकटं सोडलं नाही, आणि त्याच किनाऱ्यावर येशूनं त्याला तीनदा विचारून परत उभा केला.

म्हणून पहिल्या दिवशी करायचं एवढंच: एका विश्वासू माणसाला "माझ्याकडनं मोठं काहीतरी झालंय, उद्या बोलायचंय" असा मेसेज टाका. सगळं लिहू नका, स्क्रीनशॉट फिरतात.

आणि डोक्यात जीव द्यायचे विचार यायलेत असतील तर हा लेख इथंच ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू असतंय. घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा. धारवाडची डिमान्स, मानसिक आजारांची सरकारी संस्था, आपल्यापासनं काय लांब नाही. विश्वासी माणसानं मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जाणं हा अविश्वास आहे असं जो कोण सांगतो त्याचं ऐकू नका.

अजून एक, पहिल्या दोन दिवसांत नवस-शपथा नकोत. "आता आयुष्यभर मोबाईल वापरणार नाही", "एकवीस दिवस कडक उपवास" वगैरे. पेत्रानंही जेवणाच्या टेबलावर मरेपर्यंत साथ देईन म्हटलंच होतं.

दुसरी पायरी: झालेलं नीट, नाव घेऊन लिहा

"प्रभू, माझं काही चुकलं असेल तर माफ कर", ही प्रार्थना आपल्याकडं फार चालते आणि ती काहीच कामाची नाही. "असेल तर" कशाला? उदाहरणासाठी एक माणूस धरू. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, चर्चमधल्या तरुण संघाची भिशी त्याच्याकडं, आणि त्यातले चाळीस हजार त्यानं पत्त्याच्या ऑनलाइन खेळात घालवले. (२०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद झालेत, तरी खेळणाऱ्याला वाट सापडतेच, आणि मटका तर कधीचा बंदच आहे म्हणे!) तर या माणसानं वहीत लिहायचं ते असं: कुणाचे पैसे, किती, कधीपासनं, कुणाला काय खोटं सांगितलं, कुणावर संशय ढकलला. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण पैसे घालवले हे एक पाप, पण ते झाकायला बोललेलं खोटं बहुतेक वेळा जास्त लोकांना लागलेलं असतं.

फाउंड्रीवाल्यांना हे सांगायला नको, कास्टिंग वरनं गुळगुळीत दिसतं, आत ब्लो होल म्हणजे हवेची पोकळी असते, आणि ती मशीनिंगला घेतल्यावरच कळते. लपवलेल्या पापाचं तसंच आहे, फक्त मशीनवर कधी चढवायचं ते आपण ठरवत नाही. गणना ३२:२३ वाचा.

रोजच्या सवयीसाठी दोन जुन्या पद्धती आहेत, दोन्हीचा आपल्या गावाशी संबंध आहे. एक जेझुइटांची, म्हणजे कॅथलिक फादरांच्या एका संघाची, बेळगावचं सेंट पॉल्स हायस्कूल ज्यांनी १८५६ ला सुरू केलं त्यांची. त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी पाच टप्प्यांचं आत्मपरीक्षण घालून दिलं: देवाचे आभार, बघायला प्रकाश मागणं, दिवस आठवून बघणं, क्षमा मागणं, उद्याचा ठराव. आभार पहिला आहे हे लक्षात घ्या. थेट पाप उकरायला बसलं की माणूस नुसता स्वतःलाच शिव्या घालत बसतो.

दुसरी मेथडिस्टांची. त्यांचा संस्थापक जॉन वेस्ली, त्यानं १७३८ च्या डिसेंबरात छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यात दर आठवड्याला एकमेकांना विचारायचे प्रश्न आहेत: मागच्या भेटीपासनं कोणतं माहीत असलेलं पाप केलंस, कोणते मोह आले, त्यातनं कसा सुटलास, आणि असं काय केलंस किंवा बोललास जे पाप होतं का नाही याची तुलाच खात्री नाही. शेवटचा प्रश्न भारी आहे. आपली निम्मी पापं त्याच कोपऱ्यात बसलेली असतात, जमिनीच्या कागदात, लग्नाच्या देण्याघेण्यात, दुकानाच्या बिलात. गंमत म्हणजे मेथडिस्टांची क्लास मीटिंग, म्हणजे छोट्या गटाची बैठक, १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाली ती चॅपलचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायची सोय म्हणून. वर्गणीला घरोघरी जाता जाता लोकांची हालहवाल कळायला लागली, आणि वर्गणीपेक्षा ती हालहवालच महत्त्वाची ठरली. आपल्याकडं वर्गणी तेवढी राहिलीय.

तिसरी पायरी: कुणाला तरी तोंडानं सांगा

कॅथलिकांना वाट ठरलेली आहे, फादरांकडं कन्फेशन. वर्षातनं निदान एकदा गंभीर पापांचा स्वीकार करायचाच हा नियम आहे, पण लेंटमध्ये ईस्टरच्या आधी लागणाऱ्या लांब रांगेत दोन मिनिटांत चाळीस हजारांची गोष्ट उरकू नका. फादरांना फोन करून वेगळी वेळ मागा. फादर हे कुणालाच सांगू शकत नाहीत, ती मोहर चर्चच्या कायद्यात अभंग आहे, पोलिसांनी विचारलं तरी नाही. आणि फादरांना मराठी नीट येत नाही, कोकणी-कन्नड येतंय असं निमित्त सांगू नका. आपल्याकडं माणसाला तीन भाषांत भांडता येतं, मग पाप पण सांगता येईल की.

प्रोटेस्टंटांना याकोब ५:१६ आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. पण "थेट देवाला सांगितलंय, माणसाला कशाला" म्हणून आपले लोक हे वचन गाळूनच टाकतात. देव क्षमा करतो हे खरंच, १ योहान १:९ त्यासाठीच आहे, पण बंद खोलीत सांगितलेलं पाप बंद खोलीतच परत होतं.

माणूस निवडताना बघा: तो दुसऱ्यांच्या भानगडी तुम्हाला सांगतो का? सांगत असेल तर तुमचीही सांगणार. पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला सांगावं, विशेषतः विषय शरीराचा असेल तर. नात्यातला नको, आपल्याकडं सगळेच कुणाचे तरी दाजी नाहीतर मेव्हणे असतात. आणि जो ऐकल्या ऐकल्या "असू दे, सगळेच करतात" म्हणतो तोही नको, जो ऐकल्या ऐकल्या भूत काढायला बसतो तोही नको. पाळकांनाच सांगायचं असेल तर आधी विचारा की हे तुमच्यापाशीच राहील का कमिटीला सांगावं लागेल. चर्चच्याच पैशाची गोष्ट असेल तर त्यांना सांगावंच लागेल, आणि ते बरोबर आहे.

चौथी पायरी: भरपाई

यावर सगळ्यात जास्त लिहितोय कारण आपल्याकडं ही पायरीच गायब झालीय. रडणं होतं, साक्ष होते, टाळ्या होतात, आणि ज्याचे पैसे गेले तो मागच्या बाकावर तसाच बसलेला असतो.

जुन्या करारात हिशेब स्पष्ट आहे. लेवीय ६ मध्ये फसवून घेतलेलं परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा, आणि ते दोषार्पणाच्या दिवशीच. बैल चोरून मारला किंवा विकला तर पाच, मेंढरू असेल तर चार, निर्गम २२. जक्कय नावाच्या जकातदारानं येशू घरात बसलेला असताना चौपट द्यायचं ठरवलं, शिवाय निम्मी मालमत्ता गरिबांना. आणि येशूनं ते ऐकून "राहू दे रे" म्हटलं नाही, म्हणाला आज या घराला तारण झालंय.

आता आपला भिशीवाला. चाळीस हजार अधिक पाचवा हिस्सा आठ हजार, एकूण अठ्ठेचाळीस. हा आकडा आज कायदा म्हणून बंधनकारक आहे असं मी म्हणत नाही, पण वेळेवर पैसे न मिळाल्यानं कुणाची फी भरायची राहिली, कुणी व्याजानं काढले, ते भरून निघायला तो हिशेब चांगला पडतो. पगारातनं महिन्याला तीन हजार बाजूला पडत असतील तर सोळा महिने. त्यानं करायचं असं:

१. भिशीच्या सगळ्या सभासदांना एकत्र बसवून, पाळक किंवा एक ज्येष्ठ माणूस सोबत घेऊन, खरं सांगायचं. एकेकाला वेगवेगळं सांगितलं की सहा वेगळ्या कथा तयार होतात.
२. आकडा, हप्ता, तारीख कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या.
३. ज्याची गरज जास्त त्याला आधी. हे सभासदांनी ठरवायचं, त्यानं नाही.
४. फेडायला दुसरं कर्ज काढायचं नाही, फायनान्सवाल्यांचं तर मुळीच नाही. सोनं, गाडी, जास्तीची शिफ्ट, जे असेल त्यातनं.
५. ज्याच्यावर संशय ढकलला होता त्याचं नाव सगळ्यांसमोर साफ करायचं. याला पैसे लागत नाहीत आणि हेच सगळ्यात जड जातं.

ज्याचं घेतलं तो वारला असेल तर? गणना ५:८ मध्ये तेही आहे, जवळच्या नातेवाइकाला द्या, तोही नसेल तर ते परमेश्वराचं, याजकाला द्यायचं. म्हणजे "आता देऊ कुणाला" हे निमित्त मोशेच्या काळापासनं बंद आहे.

पैशाचं नसेल तर? वाटणीत भावाला फसवलं असेल तर नुसतं "सॉरी" म्हणून ख्रिसमसचा केक पाठवू नका, उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करा. निंदा केली असेल तर जिथं केली तिथंच, त्याच लोकांसमोर मागं घ्या. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाकडं जायला सांगितलंय, अर्पण वाट बघत थांबेल.

व्यभिचाराचं जरा जपून. जोडीदाराला सांगायचं का, कधी, किती, हे एकट्यानं रात्री अकरा वाजता ठरवू नका, फादर, पाळक किंवा समुपदेशक यांच्या सोबतीनं ठरवा. तपशिलांचा पाढा वाचून स्वतःचं मन हलकं करायचं आणि समोरच्याच्या डोक्यात आयुष्यभराचं चित्र घालायचं, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. पण एक गोष्ट थांबवता येत नाही: आजाराची शक्यता असेल तर आधी टेस्ट. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी केंद्रावर एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते. जोडीदाराचा जीव धोक्यात घालून गुपित सांभाळायचा हक्क कुणालाच नाही.

पाचवी पायरी: परिणाम कसे सोसायचे

आता खरी परीक्षा. सगळं केलं, कबुली झाली, हप्ते चालू आहेत, तरी रविवारपेठेतला दुकानदार उधार देईना, तरुण संघातली पोरं मागनं हसतात, बायको फोन चेक करते. इथं विश्वास घसरतो.

दावीदाचंच पुढचं बघा, २ शमुवेल १६. मुलगा अबशालोम उलटला, दावीद यरुशलेम सोडून चाललाय, आणि शिमी नावाचा माणूस वरनं दगड मारतोय, शिव्या घालतोय, रक्तपाती माणसा चालता हो म्हणतोय. दावीदाचा सरदार अबीशय म्हणतो, सोड, याचं डोकंच उडवतो. दावीद म्हणतो, राहू दे, शिव्या देऊ दे, कदाचित परमेश्वर माझं दुःख बघेल आणि याच्या बदल्यात भलं करील. बघा, शिमीचे आरोप पूर्ण खरे पण नव्हते, आधीचा राजा शौल याच्या घराण्याचं रक्त तो दावीदाच्या माथी मारत होता. पण उरीयाचं रक्त तर होतंच की. म्हणून दावीद वाद घालत बसला नाही. आणि त्याच वेळी देवाकडनं भल्याची आशाही सोडली नाही. दोन्ही एकदम धरायचं.

रोजच्या भाषेत म्हणजे असं. बायकोनं फोन मागितला तर द्या, तोंड वाकडं न करता. खजिनदारी गेली तर मागू नका. लोकांचा भरवसा परत यायला जो वेळ लागतो तो त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही. "मी तर देवापाशी माफ झालोय, तुम्ही कोण" हे वाक्य ज्याच्या तोंडात आलं त्याची दुसरी पायरी अजून झालेली नाही असं खुशाल समजा.

पण सगळंच सोसायचं नसतं. पापाचं निमित्त धरून कोणी मारहाण करत असेल, मुलांना शाळेत छळत असेल, पैसे उकळत असेल, तर तो परिणाम म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कायद्याची शिक्षा असेल तर भोगा, वकील जरूर घ्या, कोर्टात खोटं बोलू नका.

आणि मन म्हणायला लागलं की विश्वासच मेला आता, तर एक माहीत असू द्या: कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं १५४७ मध्येच स्पष्ट म्हटलंय की गंभीर पापानं कृपा जाते, पण विश्वास जातोच असं नाही. प्रोटेस्टंटांत एकदा तारण झालं की जातं का राहतं यावर कॅल्विनवाले आणि वेस्लीवाले यांचं कधीपासनं चाललंय, पडलेल्या माणसानं त्या वादात पडू नये, दोन्हीकडचे त्याला सांगणार एकच, ऊठ आणि चल परत.

पौल १ तीमथ्य १:१९ मध्ये विश्वास आणि चांगला विवेकभाव अशी जोडी घालतो, काहींनी विवेकभाव टाकून दिला आणि त्यांच्या विश्वासाचं तारू फुटलं म्हणतो. क्रम बघा: आधी टोचणी बंद केली, मग विश्वास गेला. म्हणजे अजून टोचतंय तोवर आत काहीतरी जिवंत आहे.

सहावी पायरी: उलटा हिशेब मांडू नका

पापाला परिणाम असतात म्हणून प्रत्येक दुःखामागं पाप असतंच असं नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांधाकडं बघून नेमकं हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं का आईबापाचं? येशू म्हणाला कुणाचंच नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय जास्त पापी होते का, लूक १३.

आपल्याकडं हे मुरलेलं आहे, मूल अपंग झालं की "काय केलं असेल आईबापानं", धंदा बसला की "बाप मटकेवाला होता, पोरगं फेडतंय". यहेज्केल १८:२० सरळ सांगतं की बापाचं पाप मुलावर नाही. हां, बाप दारुडा असला तर पोरांची शाळा सुटते, घर गहाण पडतं, तो परिणाम पोरांपर्यंत पोचतोच. पण दोष पोचत नाही.

यातनं एक धंदा पण उभा राहिलाय: पिढीजात शाप तोडायची स्पेशल प्रार्थना, तेलाची बाटली, पाकीट. कुणाचं नाव घेत नाही. क्षमेसाठी पैसे मागितले की चपला घाला आणि बाहेर पडा, तो माणूस कितीही मोठ्यानं हालेलुया म्हणत असला तरी. तसंच "विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या बंद कर" म्हणणाऱ्याचं. गोळ्या चालू ठेवा, प्रार्थना पण चालू ठेवा.

सातवी पायरी: वाट तोडा, आणि परत पडलात तर

याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिलाय: वासना, मग पाप, मग मरण. तोडायचं ते पहिल्या टप्प्यावर. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधनं कमी करून घ्या, पगाराचं खातं बायकोसोबत जॉइंट करा, दारूचा विषय असेल तर चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्या मित्रांच्या गाडीत बसू नका, "मी फक्त मासे खायला येतोय" हे सगळ्यांना माहीत असतंय. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. ज्या बाईशी संबंध होते तिला "शेवटचं एकदा भेटून समजावतो" नको, तो निरोप तिसऱ्या माणसाकरवी जाऊ दे.

व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर उपचार. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवावर बेततं, म्हणून उपवास-प्रार्थनेच्या शिबिरात नेऊन अचानक दारू तोडू नका. आधी बिम्समध्ये (बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा जवळपास कुठं भरतात ते विचारा.

परत पडलात तर पहिल्या पायरीपासनं परत. त्याच माणसाला, चोवीस तासांच्या आत. सातव्यांदा सांगायला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते, म्हणूनच लोक सातव्यांदा सांगत नाहीत आणि तिथंच सुटतात. इब्री ३:१३ मध्ये रोज एकमेकांना बोध करा म्हटलंय, पापाच्या फसवणुकीनं कोणी कठीण होऊ नये म्हणून. रोज म्हटलंय, वार्षिक कन्व्हेन्शनला नाही.

पाप दुसऱ्याचं, परिणाम तुमच्यावर असतील तर

वरच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. नवऱ्यानं मारलं, नातेवाइकानं लहानपणी हात लावला, चर्चमधल्याच कुणी फसवलं, यात तुम्ही कबूल करायचं काही नाही. "क्षमा कर, नाहीतर तुलाच क्षमा नाही" असं दडपण आणून तक्रार दाबणारे असतात. क्षमा ही वेळ घेऊन होईल तेव्हा होईल, आणि क्षमा केली तरी तक्रार करता येते, वेगळं राहता येतं. लहान मुलाची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) माहीत असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीच्या कमिटीनं आपसांत मिटवायचा तो विषयच नाही. मुलांसाठी मदतीचा फोन १०९८.

मंडळीनं काय करायचं

गलती ६:१ म्हणतं सौम्यतेनं ताळ्यावर आणा आणि स्वतःकडंही बघा. २ करिंथ २:७ मध्ये पौल करिंथकरांना सांगतो की आता शिक्षा पुरे, त्या पडलेल्या माणसाला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अति दुःखात तो बुडून जाईल. म्हणजे शिस्तीला पण शेवट असतो, आणि तो मंडळीनं तोंडानं जाहीर करायचा असतो.

भिशीवाल्याला खजिन्याची किल्ली परत देऊ नका, दोन-चार वर्षांनी पण नको, त्याच्याच भल्यासाठी. पण सतरंज्या घालायला, ख्रिसमसला मांडव बांधायला, मयतीला खांदा द्यायला आवर्जून बोलवा. त्याच्या पोरांना संडे स्कूलच्या नाटकातनं वगळू नका. त्याची साक्ष पहिल्याच महिन्यात स्टेजवर घेऊ नका, टाळ्यांची सवय वाईट. ज्यानं त्याची कबुली ऐकलीय त्यानं महिन्यातनं एकदा तरी घरी जाऊन चहा घ्यावा आणि सरळ विचारावं, हप्ता गेला का, खेळलास का, बायको कशी आहे. आणि सोळावा हप्ता फिटला की सगळ्या सभासदांसमोर पावती करा, सह्या घ्या, एक कॉपी त्याला द्या, आणि त्यानंतर भिशीच्या बैठकीत तो विषय कुणी काढला तर अध्यक्षानं तिथल्या तिथं थांबवा.